प्रतिष्ठानचा तट: शब्दांचा आणि मातीचा

'राजधानी' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी दरवाजा उभा राहतो. अणकुचीदार खिळे ठोकलेली दारे, एक माणूस वाकून जाईल एवढी दिंडी, दोन्ही अंगांना बुरूज आणि वर नगारखाना. मराठवाड्यातल्या माणसाला हे चित्र शोधायला लांब जावे लागत नाही. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. तोपर्यंत जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे सगळे तालुके औरंगाबाद जिल्ह्यातच होते, आणि त्या एका जिल्ह्यात तीन काळांच्या तीन राजधान्या नांदत होत्या. देवगिरीला अंबरकोट, महाकोट, काळाकोट असे एकात एक गुंफलेले कोट आहेत. औरंगाबादला मलिक अंबरचा भडकल दरवाजा, १६८२चा शहरतट आणि बावन्न दरवाजांची ख्याती आहे. तिसरी राजधानी या दोघींहून हजारावर वर्षांनी जुनी: गोदावरीच्या उत्तर तीरावरचे प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. गंमत अशी की औरंगाबादेत 'पैठण दरवाजा' आहे, पण खुद्द पैठणात सातवाहनांचा म्हणावा असा एकही दरवाजा उभा नाही.

तरीही प्रतिष्ठानच्या वेशींच्या वर्णनांना आपल्याकडे तोटा नाही. स्थानिक इतिहासाच्या पुस्तिका, उत्सवांच्या स्मरणिका, सातवाहनांवरच्या कादंबऱ्या, गौरवपर भाषणे यांत प्रतिष्ठानला भक्कम दगडी तट असतो, चारी दिशांना महाद्वारे असतात, राजप्रासादाची शिखरे आभाळाला टेकलेली असतात आणि हत्ती झुलत झुलत महाद्वारातून आत येत असतात. हे वाचताना अभिमान वाटतो आणि तो वाटण्यात काही गैर नाही. प्रश्न एवढाच की हा तट आला कुठून? ज्यांनी तो लिहिला त्यांनी तो कशावरून लिहिला? या लेखात त्या लिखित तटाची चिकित्सा करायची आहे. या चिकित्सेने प्रतिष्ठानचे मोठेपण उणे होत नाही, उलट ते कशात होते हे अधिक नेमके दिसते, असे मला वाटते. आणि या उसन्या तटामुळे आपल्या पायाखालचे खरे नगर आपण कसे गमावतो आहोत, हेही त्यातून पुढे येते.

लिखित तटाचे पहिले उगमस्थान काव्य हे आहे. दंडीने 'काव्यादर्शा'त महाकाव्याची लक्षणे सांगताना नगर, समुद्र, पर्वत, ऋतू, चंद्रसूर्यांचे उदय यांची वर्णने हवीत असे नोंदवले. म्हणजे नगरवर्णन हा महाकाव्याचा ठरलेला मालमसाला होता. प्रतिष्ठानच्या वाट्याला असे वर्णन आले ते कोऊहलाच्या 'लीलावई' या महाराष्ट्री प्राकृतातल्या काव्यात. सातवाहन राजा आणि सिंहलाची राजकन्या यांची ही प्रेमकथा. आ. ने. उपाध्ये यांनी १९४९ मध्ये तिची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. हे काव्य सातवाहनांचे राज्य लयाला गेल्यानंतर काही शतकांनी रचलेले आहे. कवीने प्रतिष्ठानचे जे वैभव रंगवले ते नगर कसे असावे या संकेताला धरून रंगवले. तसेच वैभव उज्जयिनीला, काञ्चीला, द्वारकेला लावले तरी ओळ बिघडत नाही. नगरवर्णन जितके सुंदर, तितके ते कुठल्याही एका नगराचे कमी असते, हा या परंपरेचा स्वभावच आहे. कवीकडून कोणी नकाशा मागत नाही. अडचण होते ती त्याच्या अलंकारावरून आपण नकाशा आखू लागतो तेव्हा.

दुसरे उगमस्थान शास्त्र. कौटिल्याने दुर्गविधान सांगताना तीन खंदक, त्यांच्या मातीतून घातलेला वप्र, त्यावर प्राकार, नगराला बारा दरवाजे, पूर्व-पश्चिम तीन आणि दक्षिण-उत्तर तीन राजमार्ग असा हिशेबच मांडला आहे. खंदकांची रुंदी किती दंड असावी इथपर्यंत तो जातो. एखाद्या प्राचीन नगराविषयी हाती काही नसले की हा हिशेब उचलून त्या नगराला चिकटवण्याचा मोह अभ्यासकांनाही होतो. पण शास्त्र सांगते ते 'असावे', 'होते' नव्हे. याचा दाखला त्याच अर्थशास्त्रात आहे. तट लाकडाचा करू नये, कारण लाकडात अग्नी दबा धरून बसलेला असतो, असे कौटिल्य बजावतो. परंपरा ज्याला मौर्यांचा अमात्य मानते त्याचे हे मत. आणि मौर्यांच्या राजधानीचा तट मात्र लाकडाचाच होता.

पाटलीपुत्राचे हे उदाहरण इथे मुद्दाम घेतले आहे, कारण शब्द आणि जमीन यांचा मेळ बसला की काय होते ते त्यात दिसते. मेगॅस्थेनिसच्या आधाराने ग्रीक लेखकांनी पाटलीपुत्राची लांबी ८० स्टेडिया आणि रुंदी १५ स्टेडिया सांगितली. तटाला ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे, बाण सोडण्यासाठी तटात फटी, भोवती ३० हात खोल खंदक, अशी ती माहिती आहे. हेही शब्दच होते. परंतु विसाव्या शतकात बुलंदीबागेच्या उत्खननात लाकडी तटाचे प्रचंड ओंडके खरोखरच सापडले. कुम्रहारला डी. बी. स्पूनर यांना १९१२-१३ मध्ये ८० खांबांच्या दालनाचा माग लागला. ६४ हा आकडा अचूक असेल की नसेल, पण वर्णन एका खऱ्या नगराचे होते. प्रतिष्ठानच्या बाबतीत मोजलेला तट आणि मोजलेले दरवाजे असा पुरावा उभा राहिलेला नाही. आजचे पैठण त्याच प्राचीन टेकाडाच्या अंगावर वसलेले आहे. खणायचे तर कोणाच्या तरी घराखाली खणावे लागते.

तिसरे उगमस्थान म्हणजे शेजार. देवगिरीचा कोट आपण पाहिलेला असतो, तोच नकळत बाराशे वर्षे मागे ढकलला जातो. पैठणातला कोरीव तीर्थखांब लोक शालिवाहनाशी जोडतात. त्यावरचे शिल्पकाम मात्र त्या काळाच्या कितीतरी नंतरचे आहे. हे नवलाचे नाही. शककालगणना आधीपासून चालत होती, तिला शालिवाहनाचे नाव कितीतरी शतकांनी जोडले गेले आणि आज प्रत्येक पंचांगावर ते आहे. लोकस्मृती आपल्या लाडक्या राजाला जे जे उत्तम दिसेल ते बहाल करते. अभ्यासकाने त्या स्मृतीचा मान राखावा, पण तिला मोजपट्टी समजू नये.

आता यावर एक सबळ आक्षेप येईल आणि तो टाळता येणार नाही. रोमन ग्रंथकार प्लिनी हा इसवी सन ७९ मध्ये वारला. त्याने आपल्या ग्रंथात आंध्रांविषयी लिहिले आहे की त्यांच्यापाशी तट आणि बुरूज असलेली ३० नगरे आहेत. त्यांचा राजा एक लाख पायदळ, २ हजार घोडेस्वार आणि एक हजार हत्ती बाळगतो. सातवाहनांना पुराणे आंध्र म्हणतात. मग ३० तटबंद नगरांत राजधानी नसेल कशी? नसेल असे मीही म्हणत नाही. विदर्भात नागपूर जिल्ह्यातल्या अडमला मातीचा तट आणि खंदक आढळला आहे, आणि प्रतिष्ठानलाही तट असण्याचा संभव पुष्कळ आहे. मुद्दा तो कशाचा होता हा आहे. दख्खनच्या त्या काळातल्या नगरांचे बांधकाम माती, भाजकी वीट, लाकूड आणि कौल यांचे. आजच्या विटेपेक्षा कितीतरी मोठी, चपटी वीट ही सातवाहन वस्तीची पहिली खूण मानली जाते. घडीव दगडांचे बुरूज आणि कमानदार दरवाजे हे पुष्कळ पुढच्या काळाचे लेणे. म्हणजे आपल्या लेखकांनी तट असल्याचे सांगितले यात चूक नसेलही. त्यांनी तो दगडाचा केला, ही खरी गफलत आहे. तिचे परिणाम पुढे पाहू.

त्याआधी त्या काळानेच आपल्या नगरांविषयी काय सांगितले ते वाचले पाहिजे. सातवाहन लेख आपल्याला मिळतात ते घाटात आणि लेण्यांत. नाणेघाटच्या प्रदीर्घ लेखात राणी नागनिकेच्या घराण्याने केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणांची यादी आहे: गाई, हत्ती, घोडे, काहापण. नाशिकच्या लेण्यात वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या वर्षी कोरलेल्या लेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाचे, गौतमीपुत्राचे, गुण गाते. त्यात असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकरावन्ती या देशांची माळ आहे, पर्वतांची माळ आहे. राजधानीच्या तटाला आणि दरवाजांना त्या प्रशस्तीत जागा नाही. गौतमीपुत्राची १८व्या वर्षाची आज्ञा तर आणखी बोलकी आहे. नाशिकच्या भिक्षूंना शेत देणारी ही आज्ञा गोवर्धनच्या अमात्याला पाठवली गेली ती प्रतिष्ठानहून नव्हे, तर वैजयंतीच्या विजयी सेनेच्या छावणीतून. राजा जिथे, तिथे राज्य. सहा वर्षांनी दुसरी आज्ञा निघाली, कारण ज्या गावी आधीचे शेत होते ते गाव ओस पडले होते आणि शेत कसले जात नव्हते. साम्राज्याचा कारभार असा चालत होता: फिरती छावणी, ठिकाणावर बसलेला अमात्य आणि शेताच्या निवर्तनांचा हिशेब.

सार्वजनिक इमारतींविषयी सर्वांत स्पष्ट बोलतो तो सातवाहनांचा शत्रू. नहपानाचा जावई उषवदात याचे लेख नाशिकच्याच लेण्यांत आहेत. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे अनुक्रमे २,००० आणि १,००० काहापण कायमच्या ठेवीने गुंतवले. एका श्रेणीने शेकडा दरमहा एक आणि दुसरीने पाऊण काहापण व्याज द्यायचे, आणि त्यातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंची वस्त्रे व इतर गरज भागवायची. हे सगळे निगमसभेत ऐकवले गेले आणि रिवाजाप्रमाणे फलकवारात नोंदवले गेले, असे लेखाच्या शेवटी म्हटले आहे. निगमसभा म्हणजे व्यापारी-नागरिकांची सभा, तिची जागा. फलकवार म्हणजे दप्तरखाना. दुसऱ्या लेखात तो सांगतो की भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे त्याने चौसोपी विश्रामगृहे बांधली, विहिरी-तळी केली, तापी, दमण, पारदा, डहाणूका अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा आणि प्रपा, म्हणजे पाणपोया, उभारल्या.

ही यादी पुन्हा वाचावी. सभा, दप्तरखाना, धर्मशाळा, विहीर, नाव, पाणपोई. एक सत्ताधारी आपल्या कीर्तीसाठी दगडात काय कोरून ठेवतो आहे, तर वाटसरूच्या सोयी. हे क्षहरातांचे, हे सातवाहनांचे असा भेद इथे फारसा उरत नाही, कारण गोवर्धन थोड्याच वर्षांत गौतमीपुत्राच्या हाती गेले आणि त्या श्रेणी, ती निगमसभा तिथेच राहिली. प्रतिष्ठान हे याच जगातले नगर. पाली सुत्तनिपातात बावरीचे शिष्य उत्तरेकडे निघतात तेव्हा त्यांच्या वाटेवरचा पहिला मुक्काम प्रतिष्ठान, मग माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा आणि थेट श्रावस्ती. पहिल्या शतकातल्या ग्रीक 'पेरिप्लस'च्या लेखकाला पैठण ठाऊक आहे ते भडोचहून २० दिवसांच्या अंतरावरची पेठ म्हणून. तिथून अकीकाचा माल गाड्यांवर लादून वाट नसलेल्या मुलखातून खाली येतो. पूर्वेला आणखी १० दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर. टॉलेमी 'बैठना'ला पुळुमावीची राजधानी म्हणतो. एकाला राजा दिसला, दोघांना वाट दिसली.

आता खुद्द राजधानीच्या साहित्याकडे वळू. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' हा आपला सर्वांत जुना ठेवा. स. आ. जोगळेकरांच्या १९५६च्या मराठी आवृत्तीमुळे ती सामान्य वाचकापर्यंत पोचली. ज्याच्या नावापुढे सम्राटाची बिरुदे शोभावीत अशा राजाने संग्रह केला, आणि त्यात काय आहे? गोदावरीचा काठ, गावचा पाटील, नांगर धरणारा गडी, तागाची आणि कापसाची शेते, गळके छप्पर, दूरदेशी गेलेला नवरा. भिंतीपेक्षा कुंपण अधिक भेटते, आणि त्या कुंपणाला फटी असतात. गावातल्या मुली वाटेने जाणाऱ्याला त्या फटींतून पाहतात. कुंपण तिथे अडवण्यासाठी नसते; त्याआडून पाहता यावे म्हणून असते.

याला उत्तर असे दिले जाते की ग्रामजीवन हा या मुक्तकांचा संकेत होता. नागर रसिक खेड्याची गंमत पाहत होते. ते खरे आहे. पण संकेतही कोणीतरी निवडलेला असतो. संस्कृत दरबारांनी पुढे नगरवर्णन निवडले, या दरबाराने गावशीव निवडली. राजाला आपल्या सत्तेची खूण नदीकाठच्या नांगरलेल्या रानात दिसत असेल, तर त्याच्या राजधानीचे वर्णन करताना आपणही एकदा त्या दिशेने पाहायला हवे.

त्यातल्या एका प्रसिद्ध गाथेत पाणपोईवरची तरुणी आहे. वाटसरू ओंजळीची बोटे विरळ धरून पाणी सांडू देतो, म्हणजे तिच्याकडे जास्त वेळ बघता येईल. आणि तीही झारीची धार बारीक करते. प्रेमाची गंमत म्हणून ही गाथा शेकडो वेळा सांगितली गेली आहे. उषवदाताचा लेख शेजारी ठेवला की तिची दुसरी बाजू उजळते. नदीतीरावरच्या ज्या प्रपा त्याने दगडात नोंदवल्या, त्यांपैकी एखादीच ही असावी असे वाटते. शिलालेखात इमारत आहे, गाथेत तिच्यात घडणारी गोष्ट आहे.

पाणपोई तिसऱ्यांदा भेटते ती अकराव्या शतकात, काश्मिरी सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त. सातवाहनाच्या सभेतला गुणाढ्य राजधानीत प्रथम शिरतो तेव्हाचे वर्णन पाहण्यासारखे आहे. महाद्वार, हत्ती, तुताऱ्या यांचे तिथे नाव नाही. कुठे सामवेद म्हणणारे ब्राह्मण, कुठे जुगारी, कुठे आपापल्या व्यवहाराच्या बढाया मारणारे वाणी त्याला दिसतात. त्यांतला एक आपली कथा सांगतो: मेलेल्या उंदराच्या भांडवलावर धंदा सुरू केला. उंदीर मांजरासाठी विकून दोन ओंजळी हरभरे मिळाले, ते दळले, आणि पीठ व पाण्याचा घडा घेऊन तो नगराबाहेरच्या चौकात सावलीला जाऊन उभा राहिला. दमूनभागून येणाऱ्या लाकूडतोड्यांना पाणी पाजले, त्यांनी प्रत्येकी दोन लाकडे दिली, आणि तिथून दुकान उभे राहिले. सोमदेवाने पैठण पाहिले होते असे समजण्याचे कारण नाही. पण सातवाहनांच्या राजधानीची जी कथा त्याच्यापर्यंत वाहत आली, तिच्या उंबरठ्यावर वेस दिसत नाही. तिथे सावलीचा चौक आहे आणि पाणी पाजणारा माणूस आहे.

लेख, गाथा आणि कथा अशा तीन वेगळ्या साक्षींत नगराचा आणि वाटेचा सांधा एकाच जागी सापडतो. प्रतिष्ठानच्या दारात काय होते असे कोणी विचारले तर मी बुरुजाआधी पाणपोई सांगेन.

मग त्या काळाचा दरवाजा पाहायचाच नाही का? पाहता येतो, पण त्यासाठी पैठण सोडावे लागते. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत चैत्यगृहाच्या खांबांवर दोन लेख आहेत. एक खांब प्रतिष्ठानच्या गंधिक कुळातल्या मित्रदेवाचे दान, दुसरा प्रतिष्ठानच्याच संघकाच्या मुलांचे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. या लेण्यांच्या विहाराला एक खरेखुरे दार आहे: खालच्या जोत्यावर हत्तींची रांग, वर जायला पायऱ्या, आणि दोन्ही बाजूंना भाले-ढाली घेतलेले सशस्त्र द्वारपाल. लाकडी तुळया, सज्जे, वेदिकेचे कठडे, चैत्यकमानी हे सगळे तिथल्या कारागिरांनी दगडात उतरवले. हे कारागीर नगरातली लाकडी घरे आणि दारे पाहून इथे आले होते. लाकूड कुजले, वीट विरघळली, दगडातली नक्कल राहिली. प्रतिष्ठानच्या रस्त्यावरून जाताना काय दिसले असते याची सर्वांत विश्वासार्ह साक्ष ही आहे, आणि तिचा खर्च प्रतिष्ठानच्याही व्यापाऱ्यांनी उचललेला आहे.

दुसरी साक्ष सांचीची. तिथल्या दक्षिण तोरणावर लेख आहे: राजा श्री सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद याचे दान. त्याच तोरणाच्या एका खांबावरचे काम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केले, असेही तिथे कोरले आहे. सांचीच्या तोरणांवर नगरे आहेत: विटांचे तट, त्यांवर कंगोरे, दरवाजावर मजल्यांची माडी, माडीच्या सज्जात वाकून पाहणारी माणसे. दक्षिण तोरणावरच्या कुशिनगरच्या वेढ्याच्या शिल्पात तर तट प्रत्यक्ष लढतो आहे. ही शिल्पे प्रतिष्ठानची नाहीत. पण सातवाहन राजाचा कारागीर जिथे राबला तिथे नगराचा दरवाजा कसा कल्पिला गेला, ते तिथे उघड दिसते.

आणि इथे जालना जिल्हा या कथेत शिरतो. सांचीच्या दात्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. भोगवर्धन म्हणजे केळना नदीकाठचे आपले भोकरदन. प्रतिष्ठानहून अजिंठ्याच्या डोंगराकडे आणि पुढे उज्जयिनी-विदिशेकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी १९७३ मध्ये इथे केलेल्या उत्खननाचे नेतृत्व शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी केले. त्या टेकाडातून सातवाहनकाळाचे घरदार बाहेर आले, आणि एक तुटकी हस्तिदंती स्त्रीमूर्तीही निघाली. तिचे साम्य इटलीतल्या पॉम्पेई इथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी आहे, हे जगभरच्या अभ्यासकांनी नोंदवले. पॉम्पेई ७९ साली राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधी तिकडे पोचलेली. तटबुरुजांची एक ओळही न लिहिता भोकरदनने राजधानीच्या वैभवाविषयी जे सांगितले ते अनेक पानांच्या वर्णनाला सांगता आलेले नाही.

आता गफलतीचा परिणाम. मराठीत गावाच्या जमिनीला दोन नावे आहेत: काळी आणि पांढरी. काळी पिकवायची, पांढरी राहायची. शेकडो वर्षे घरे पडली, त्यांवर नवी उभी राहिली, चुलींची राख, मातीच्या भिंती, शेण, खापऱ्या यांची भर पडत गेली, आणि गावाखालचे टेकाड पांढरे झाले. पांढर हाच आपल्या नगरांचा दप्तरखाना, ज्याला त्या काळी फलकवार म्हणत. आणि हा दप्तरखाना आपण टोपलीटोपलीने रिकामा करतो. माळवदावर घालायला पांढरी माती लागत असे. शेतात टाकायला ती आजही उपयोगी पडते. पूर्वी गाढवावरून जायची, आता ट्रॅक्टरने जाते. भल्या मोठ्या विटा कोणाच्या तरी ओट्याला लागतात. यात कोणा एकाची दुष्ट बुद्धी नाही. ज्याला आपण इतिहास म्हणायला शिकवले तो घडीव दगडाचा आहे, तेव्हा मातीचे टेकाड त्याला इतिहास वाटावे कसे? दगडी दरवाजावर कोणी कुदळ मारली तर गाव गोळा होते, वर्तमानपत्रात बातमी येते. पांढर खणली तर कोणी वळूनही पाहत नाही. शब्दांनी बांधलेल्या दगडी तटाची किंमत ही अशी मातीच्या तटाला मोजावी लागते.

माती दुबळी असते, हाही त्याच संस्काराचा भाग. भोकरदनची केळना पुढे ज्या असईजवळून वाहते, तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीची फौज आणि शिंदे-भोसल्यांची फौज यांची लढाई झाली. असई हे मातीच्या भिंतींचे साधे गाव. तरी त्या भिंतींच्या आडून झालेल्या माऱ्यात इंग्रजांच्या ७४व्या पलटणीची अशी वाताहत झाली की त्या लढाईचे वर्णन करणाऱ्या प्रत्येकाला ती सांगावीच लागली. मातीचा तट तोफांच्या युगातही असा उभा राहिला, तर हत्ती आणि बाणांच्या युगात राजधानीला तो पुरेसा होता, हे मानायला जड जाऊ नये. लोककथेने तर हे केव्हाच ओळखले आहे. कुंभाराघरी वाढलेल्या शालिवाहनाने मातीचे हत्ती, घोडे, शिपाई केले आणि त्यांत प्राण फुंकून विक्रमाला हरवले, ही कथा आपल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कथेत बळ मातीतून येते. पाषाण आणला तो आपण, नंतर.

तट म्हणजे फक्त गौरव नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. मराठीत 'गावकूस' हा शब्द गावाभोवतीच्या भिंतीचा, पण आपण तो वापरतो मुख्यतः 'गावकुसाबाहेर' असा. भिंत उभी राहिली की तिला आतले आणि बाहेरचे निर्माण होतात. प्राचीन राजधानीच्या महाद्वारांचे कौतुक लिहिताना रात्री ती दारे लागल्यावर कोण बाहेर राहिले, हा प्रश्न आपले लेखक विचारत नाहीत. गाथांच्या कुंपणाला फटी होत्या. आपल्या वर्णनांतल्या तटाला फट नाही.

मग लिहावे कसे? आदर्श बाहेर शोधायला नको. महानुभावांची 'स्थानपोथी' हा मराठीतला एक विलक्षण ग्रंथ आहे. वि. भि. कोलते यांनी तो संपादून प्रकाशात आणला. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, त्या प्रत्येक जागेची त्यात नोंद आहे: देऊळ कोणते, त्याचे दार कोणत्या दिशेला, ओटा कुठे, त्यापासून दुसरी जागा कुठल्या बाजूला. पैठणही त्यात येते. लिहिणाऱ्यांच्या मनात अपार भक्ती होती, तरी त्यांनी देवळांना सोन्याचे कळस चढवले नाहीत, दिशा सांगितल्या. ज्याच्यावर प्रेम आहे त्याची जागा नेमकी सांगणे, हीच त्यांच्या भक्तीची रीत होती. सातवाहनांवर प्रेम करणाऱ्यांना याहून चांगला गुरू मिळायचा नाही.

पैठणला १९९०च्या दशकाअखेर झालेल्या उत्खननाचा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विटांच्या प्राचीन देवळांचे अवशेष थरांसह, मापांसह नोंदवलेले आहेत. त्या देवळांवर मराठीत एखादी कादंबरी किंवा स्मरणिकेतला लेख यायला हवा. महाद्वारांवर पुष्कळ आले. भोकरदनला, अंबडला, गोदाकाठच्या गावांत जी पांढर अजून शिल्लक आहे, तिच्या उंचीची, तिच्यातल्या विटांच्या लांबीरुंदीची साधी नोंद शाळेतली मुलेही वहीत करू शकतात. न खणता, नुसती मोजून. गावच्या लोकांना त्या टेकाडाचे नाव विचारून. प्रतिष्ठानच्या तटाचा शोध लागायचा असेल तर तो अशा वह्यांतून लागेल, आणि तो सापडेपर्यंत त्याच्या जागी आपण दगड रचू नयेत.